भारताचं कर्ज आणि श्रीलंकेचं कर्ज: तुलना नक्की कशाची करायची?

पाटीपेन्सिल (धागाकर्ता)

मंडळी, घरच्या व्हॉट्सॲप समूहावर परवा मेव्हण्याने एक चित्र टाकलं. डावीकडे श्रीलंका, उजवीकडे भारत. श्रीलंकेने २०२२ मध्ये हात वर केले तेव्हा तिचं विदेशी कर्ज ५१ अब्ज डॉलर. भारताचं मार्च २०२५ अखेर ७३६ अब्ज डॉलर. खाली लाल अक्षरांत "चौदा पट! आता आपला नंबर!"

आपली अर्थव्यवस्था किती मोठी आहे ते बघ, असं मी लिहिलं. त्यावर त्याने लगेच दुसरा आकडा फेकला. केंद्र आणि राज्यं मिळून आपलं कर्ज जीडीपीच्या ८० टक्क्यांच्या वर आहे, श्रीलंकेचं तेव्हा १००च्या वर होतं, म्हणजे फार लांब नाही. इथे माझी गाडी अडली. मी गणित शिकवतो, टक्केवारी कळते, पण ८० ठीक आणि १०० बुडीत असं कुठे लिहून ठेवलंय का?

तर प्रश्न सरळ आहे. दोन विकसनशील देशांच्या सरकारी कर्जाची तुलना करताना बघायचं काय? राजकारण नको, कृपया.

उंडगा

राजकारण नको म्हणता आणि सरकारी कर्जावर धागा काढता. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जमाखर्च

पहिली चूक चित्रातच आहे. ७३६ अब्ज हे *देशाचं* विदेशी कर्ज आहे, *सरकारचं* नाही. त्यात खाजगी कंपन्यांनी बाहेरून उचललेली कर्जं आली, आयातदारांची उधारी आली, अनिवासी भारतीयांनी आपल्या बँकांत ठेवलेल्या ठेवीसुद्धा आल्या. सरकारचा वाटा त्यात साधारण १६८ अब्ज. आणि त्याच तारखेला रिझर्व्ह बँकेकडे ६६८ अब्ज डॉलरची गंगाजळी, म्हणजे परकीय चलनाचा साठा, होती.

श्रीलंकेचे ५१ अब्ज मात्र बहुतांशी सरकारी. आणि गंगाजळी? मे २०२२ मध्ये त्यांच्याच अर्थमंत्र्यांनी सांगितलं की वापरता येईल असे ५ कोटी डॉलरही उरलेले नाहीत. अब्ज नव्हे, कोटी.

मेव्हण्याला सांगा, एका बाजूला पूर्ण सोसायटीचं कर्ज आणि दुसऱ्या बाजूला एका फ्लॅटचं, अशी तुलना केलीय त्याने.

तिरफळ

आकडे कसेही फिरवा, कर्ज ते कर्ज. माणूस अंथरूण पाहून पाय पसरतो, सरकार पाय पसरून मग अंथरूण शोधतं. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्राचा नुसता व्याजाचा खर्च १२.७६ लाख कोटी दाखवलाय. एकूण खर्च ५०.६५ लाख कोटी. चार रुपये खर्चले की त्यातला एक व्याजात. ज्या घरात असं चाललंय त्या घराला तुम्ही सोयरीक द्याल का?

कोरा कागद

@तिरफळ, घराची उपमा इथे लंगडी पडते. घर स्वतःच्या नोटा छापत नाही, घराला लोकांवर कर बसवता येत नाही आणि घराचा कर्ता साठीला निवृत्त होतो. सरकार जुना रोखा, म्हणजे कर्जाचा बाँड, फेडायला नवा काढतं, आणि जोवर घेणारे आहेत तोवर ते चालतं. मुद्दल शून्यावर आणणं हे कुठल्याच सरकारचं ध्येय नसतं.

तिरफळ

"जोवर घेणारे आहेत तोवर." हेच म्हणतोय मी! श्रीलंकेलाही घेणारे होतेच की, एक दिवस नव्हते.

निवांतकाका

जरा सविस्तर लिहितो, निवृत्त माणसाला वेळ असतो. एका सरकारी बँकेच्या ट्रेझरीत माझी बरीच वर्षं गेली, रोख्यांच्या खरेदी-विक्रीत.

टक्केवारी बघू नका असं मी म्हणणार नाही, पण ती शेवटी बघा. आधी तीन गोष्टी विचारा. कर्ज कोणत्या चलनात आहे? कोणाकडून घेतलंय? परत कधी करायचंय?

भारत सरकारचं कर्ज जवळजवळ सगळं रुपयात आहे. केंद्राच्या एकूण कर्जात विदेशी भाग ५ टक्क्यांच्या आसपास, आणि तोही मुख्यतः जागतिक बँक, आशियाई विकास बँक (एडीबी), जपान असल्या धनकोंकडून लांब मुदतीचा. डॉलरमधले सार्वभौम रोखे भारत सरकारने आजवर काढलेले नाहीत. २०१९ च्या अर्थसंकल्पात तसा विचार बोलून दाखवला होता, बरीच टीका झाली आणि तो बाजूला पडला.

रुपयातले रोखे घेतं कोण? बँका, विमा कंपन्या, भविष्य निर्वाह निधी, स्वतः रिझर्व्ह बँक. बँकांना तर ठेवींच्या १८ टक्के एसएलआर म्हणून ठेवावेच लागतात आणि त्यातले बहुतेक सरकारी रोखेच असतात. लिलाव सहसा शुक्रवारी. आमच्या खोलीत दुपारपर्यंत कोणी जेवायला उठत नसे. एका पैशाने बोली चुकली तर साहेब आठवडाभर तोंड फिरवून बसत. पण लिलाव *होणारच नाही*, ही भीती मी कधी पाहिली नाही. घेणारे ठरलेले असतात.

मुदतीचं म्हणाल तर आपल्या रोख्यांची सरासरी उरलेली मुदत बारा-तेरा वर्षांच्या घरात आहे. २०२३ पासून ५० वर्षांचेही निघतात. म्हणजे एखादं वर्ष वाईट गेलं तरी सगळं कर्ज एकदम दारात येऊन उभं राहत नाही.

श्रीलंकेचं ह्याच्या उलट. जवळपास निम्मं कर्ज परकीय चलनात. २००७ मध्ये त्यांनी ५० कोटी डॉलरचा पहिला आंतरराष्ट्रीय रोखा काढला, मग चटकच लागली. युद्ध संपलं, देश मध्यम उत्पन्नाच्या यादीत गेला, स्वस्त मदतीची कर्जं आटली आणि त्यांच्या जागी बाजारभावाने, पाच-दहा वर्षांत एकरकमी फेडायचे रोखे आले. रुपये छापता येतात हो, डॉलर छापता येत नाहीत.

उंडगा

काका, दंडवत. वाखुसा (वाचनखूण साठवली).

चकली

पण मग चीनचं काय? हंबनटोटा बंदर ९९ वर्षांसाठी गेलं ना कर्जाच्या बदल्यात? सगळीकडे तर "चिनी सापळा" असंच वाचलंय.

जमाखर्च

@चकली ताई, हे अर्धसत्य आहे. २०१७ मध्ये बंदराचा ठेका एका चिनी कंपनीला १.१२ अब्ज डॉलरला दिला, हे खरं. पण त्या पैशातून बंदराचं कर्ज फिटलं नाही. पैसे गंगाजळीत गेले, दुसऱ्या डॉलर देण्यांसाठी. बंदराची चिनी कर्जं सरकारच्या डोक्यावर तशीच राहिली. आणि दिवाळखोरीच्या वेळी सगळ्यात मोठा धनको चीन नव्हता, रोखेधारक होते, म्हणजे न्यूयॉर्क-लंडनमधले फंडवाले. चीनचा वाटा मोठा होता, पण सापळा असलाच तर त्याला दोन्हीकडून दोऱ्या होत्या.

कोलंबोकर

टोपणनावावरून ओळखलं असेलच. एका कपड्यांच्या कारखान्यात क्वालिटीचं काम बघायला २०१९ ते २०२३ तिथे होतो. वर सगळं डॉलर आणि टक्क्यांत चाललंय, ते रस्त्यावर कसं दिसतं ते सांगतो.

जानेवारी २०२२ मध्ये सरकारने ५० कोटी डॉलरचा रोखा वेळेवर फेडला. टीव्हीवर अभिमानाने सांगितलं, आम्ही एकही हप्ता चुकवलेला नाही. त्याच सुमारास आमच्या घरमालकीणबाईंना दूध पावडर मिळत नव्हती. त्या दुकानदाराला नमस्कार करायच्या, तो मान हलवायचा, त्या परत यायच्या. मार्चमध्ये कागद नाही म्हणून शाळांच्या परीक्षा पुढे ढकलल्या. महिनाअखेरीस वीज दिवसाचे तेरा तास बंद. १२ एप्रिलला सरकारने जाहीर केलं की विदेशी देणी थांबवतोय. जो हप्ता चुकला तो ७.८ कोटी डॉलरच्या व्याजाचा. तीन महिन्यांपूर्वी ५० कोटी मोजले होते, आता आठही नाहीत.

पेट्रोलची रांग म्हणजे काय ते मी जूनमध्ये पाहिलं. रात्री नऊला गाडी लावली. पुढच्या रिक्षावाल्याने मागच्या सीटवर उशी टाकली होती, म्हणाला, परवाचा आलोय. पहाटे टँकर आला, माझ्यापुढे अकरा गाड्या असताना संपला. भाव तेव्हा लिटरला ४७० श्रीलंकन रुपये. जुलैत क्यूआर कोड आला, मोटरसायकलला आठवड्याला ४ लिटर. त्या दिवशी कारखान्यात लोकांनी एकमेकांना पेढे द्यावेत तसे कोड दाखवले.

महागाई सप्टेंबरात ७० टक्क्यांच्या घरात गेली. जीडीपीशी प्रमाण वगैरे शब्द तिथे कोणाच्या तोंडी नव्हता. सगळे एकच विचारायचे, जहाज आलं का?

पाटीपेन्सिल

@कोलंबोकर, अंगावर आलं वाचून. म्हणजे मुळात हा डॉलरचा तुटवडा होता, कर्ज किती ह्यापेक्षा?

तिरफळ

डॉलर का संपले, तेही बघा ना. २०१९ च्या शेवटी व्हॅट १५ वरून ८ टक्क्यांवर आणला, पगारातून कापला जाणारा करही काढून टाकला. निवडणुकीचं आश्वासन! आधी ईस्टरचे बॉम्बस्फोट, मग करोना, पर्यटन झोपलं. वर २०२१ मध्ये एका रात्रीत रासायनिक खतं बंद. सरकारची मिळकत इतकी पडली की २०२१ मध्ये महसुलातले ७० टक्क्यांहून जास्त पैसे नुसत्या व्याजात गेले. घराचीच उपमा देतो परत, चालवून घ्या. पगार कमी करून घेतला आणि हप्ते तेच ठेवले.

कोरा कागद

ह्यावेळी उपमा बसली, कबूल. खरी तुलना हीच असावी: महसुलातलं किती व्याजात जातं. केंद्राची २०२५-२६ ची महसुली जमा ३४.२० लाख कोटी धरलीय, म्हणजे व्याज साधारण ३७ टक्के. श्रीलंकेच्या निम्मं.

तिरफळ

३७ हे काय मिरवायचं प्रमाण आहे? शंभरातले सदतीस आधीच गेले, मग शाळा, दवाखाने, रस्ते. बुडत नाही म्हणजे पोहतोय असं नाही.

निवांतकाका

@तिरफळ, ह्या वाक्यावर माझी सही घ्या. ट्रेझरीतला माणूस म्हणून सांगतो, आपला धोका श्रीलंकेसारखा एका सकाळी कोसळण्याचा नाही, हळूहळू गुदमरण्याचा आहे.

आणि आपण त्या कड्यावर कधी उभे नव्हतो असंही नाही. १९९१ मध्ये गंगाजळी दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली होती. अनिवासी भारतीय ठेवी काढून घेत होते. मे महिन्यात स्टेट बँकेमार्फत २० टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेकडे गेलं, जुलैत रिझर्व्ह बँकेने आणखी ४७ टन बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. मी तेव्हा नवा अधिकारी. कँटीनमध्ये बातमी वाचून एक हेडक्लार्क म्हणाले, "घरातलं मंगळसूत्र गेलं." पुढे कोणी बोललं नाही. पण एकही हप्ता चुकला नाही. रुपयाचं अवमूल्यन जुलैच्या १ आणि ३ तारखेला झालं, आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी आल्या आणि तेव्हापासून डॉलरच्या कर्जाला हात लावताना आपले लोक दहादा विचार करतात.

उंडगा

काका, ते सोनं परत आलं का? की अजून लंडनलाच?

निवांतकाका

फेडून सोडवलं, त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत. वर २००९ मध्ये नाणेनिधीकडूनच २०० टन विकत घेतलं. काळाने उगवलेला सूड म्हणा.

मुक्काम पोस्ट

सगळे केंद्राबद्दल बोलताय, राज्यांचं काय? महाराष्ट्राचं कर्ज ९ लाख कोटींच्या पुढे गेलंय. एकीकडे महिन्याला १५०० रुपये वाटा, दुसरीकडे कंत्राटदारांची बिलं थकवा. ह्या सरकारने आणि आधीच्या सरकारने

संपादक मंडळ

वरील प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. धागा विषयावर राहू द्यावा.

उंडगा

बारा तास टिकला. माझा अंदाज सहा होता.

जमाखर्च

@मुक्काम पोस्ट, संपादित भाग सोडला तर मुद्दा विषयातलाच आहे. श्रीलंका एकच सरकार, भारतात केंद्र आणि राज्यं. म्हणून केंद्राचं ५६ टक्के आणि सगळं मिळून ८० च्या वर, असे दोन आकडे फिरतात आणि जो तो सोयीचा उचलतो. मात्र राज्यांना परदेशातून परस्पर कर्ज काढता येत नाही. देशातही, केंद्राचं देणं शिल्लक असेल तर कलम २९३ प्रमाणे परवानगी लागते. महाराष्ट्राचं कर्ज राज्याच्या उत्पन्नाच्या २० टक्क्यांच्या आत आहे, पंजाबचं ४० च्या वर. सगळी राज्यं एका मापाने मोजू नका.

मला जास्त काळजी वाटते ती कर्ज म्हणून *न दिसणाऱ्या* देण्यांची. आपल्याकडे साखर कारखान्यांना दिलेली थकहमी आठवा. कारखाना चालला तर कागद, नाही चालला तर बिल सरकारच्या नावावर. एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा ६१ हजार कोटींच्या वर कर्ज होतं. त्यातलं १५,३०० कोटी नव्या मालकाने घेतलं, बाकीचे ४६ हजार कोटी सरकारी कंपनीत राहिले. अन्न महामंडळ अनुदानाच्या ऐवजी वर्षानुवर्षं अल्पबचतीच्या निधीतून कर्ज घेत होतं. २०२१ च्या अर्थसंकल्पात ते वहीत आलं, तेव्हा तूट एकदम फुगलेली दिसली. श्रीलंकेतही तेच. पेट्रोलियम महामंडळाचं कर्ज शेवटी सरकारने अंगावर घेतलं, विमान कंपनीच्या डॉलर रोख्याला सरकारी हमी होतीच. दोन्ही देशांची तुलना करायची तर आधी दोन्हींचे गालिचे उचलून बघायला हवेत.

चकली

आणि पेन्शन? मी शिक्षण खात्यातून निवृत्त. माझी पेन्शन ह्या ८० टक्क्यांत धरलीय का?

जमाखर्च

नाही ताई. पुढे द्यायची पेन्शन हे वचन आहे, कर्ज म्हणून मोजत नाहीत. तुम्ही पीपीएफ किंवा पोस्टाच्या योजनेत पैसे ठेवले असतील तर ते मात्र सरकारच्या देण्यांत मोजले जातात. २००४ नंतर लागलेल्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना), म्हणजे वचन नाही, जमेल तेवढं. आता एप्रिल २०२५ पासून यूपीएस ह्या नव्या पेन्शन योजनेत शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्याची हमी परत आली, २५ वर्षं सेवा असेल तर.

चकली

म्हणजे पोस्टातल्या पैशांपुरती मी सरकारची सावकार! यजमानांना सांगते, जरा मानाने वागवा.

कोरा कागद

सारांश काय, तर रुपयातलं कर्ज म्हणजे आपलं आपल्यालाच देणं. डाव्या खिशातून उजव्या खिशात. त्याची एवढी भीती नको.

कोलंबोकर

@कोरा कागद, इथे थांबवतो तुम्हाला. तिथे मी हेच वाक्य ऐकलं होतं, अगदी ह्याच शब्दांत. तिथल्या मध्यवर्ती बँकेने सरकारला २०२० पासून भरमसाट पैसे छापून दिले, त्याचीच पुढे ७० टक्के महागाई झाली. घरमालकीणबाईंची बँकेतली ठेव आकड्याने तेवढीच होती, तिच्यात येणारा किराणा निम्मा झाला होता.

आणि २०२३ मध्ये देशांतर्गत कर्जाचीही पुनर्रचना झाली. मार्चमध्ये नाणेनिधीने ३ अब्ज डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला, त्यानंतर धनकोंना सांगायचं होतं की घरच्यांनीही झळ सोसलीय. बँकांना वगळलं, नाहीतर बँका पडल्या असत्या. झळ लागली ईपीएफला, म्हणजे कामगारांच्या भविष्य निर्वाह निधीला. जुने रोखे देऊन लांब मुदतीचे नवे घ्या, २०२५ पर्यंत १२ टक्के, पुढे ९ टक्के. नाही घेतले तर उत्पन्नावर ३० टक्के कर. आमच्या कारखान्यातल्या शिलाई मशीनवरच्या बायकांचा पैसा तो. त्यांनी ना बंदर बांधलं होतं, ना डॉलरचा रोखा काढला होता.

डावा खिसा एकाचा असतो आणि उजवा दुसऱ्याचा.

कोरा कागद

मान्य. खिशांचं विधान मागे घेतो. आपल्याकडे निदान २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारकडून थेट रोखे घेता येत नाहीत, एफआरबीएम (वित्तीय जबाबदारी) कायद्याने. श्रीलंकेनेही २०२३ च्या नव्या कायद्यात हा दरवाजा बंद केला.

तिरफळ

बाजारातून घेता येतात की. दरवाजा बंद, खिडकी उघडी.

निवांतकाका

खिडकी असते आणि असायलाही हवी, बाजारात रोकड कमी-जास्त करायला. पण तिरफळांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. एसएलआर, विमा, पीएफ ह्या बांधलेल्या ग्राहकांमुळे सरकारला पैसे मुक्त बाजारापेक्षा स्वस्त मिळतात, आणि तेवढं व्याज ठेवीदाराला कमी मिळतं. ही किंमत आपण रोज देतो, रांगेत उभं न राहता.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. काल रात्री समूहावर हे टाकलं: "तू देशाचं कर्ज सरकारचं म्हणून दाखवलंस. सरकारचं विदेशी कर्ज १६८ अब्ज, गंगाजळी त्याच्या जवळपास चौपट. श्रीलंकेचं निम्मं कर्ज परकीय चलनात होतं, आपलं पाच टक्क्यांच्या आसपास. पण व्याजात महसुलाचे ३७ टक्के जातात, त्याची काळजी मलाही वाटते." शेवटचं वाक्य @तिरफळ ह्यांच्यामुळे घातलं.

मेव्हण्याचं उत्तर सकाळी आलं: "मग पाकिस्तानचं काढ."

उंडगा

भाग २ कधी?

तिरफळ

उल्लेखाबद्दल आभारी आहे. मत तेच आहे.

चकली

@कोलंबोकर, तुमच्या घरमालकीणबाई आता कशा आहेत?

कोलंबोकर

गेल्या महिन्यात फोन झाला. दूध पावडर मिळते, वीज असते. व्हॅट आता १८ टक्के झालाय, त्यावर दहा मिनिटं बोलल्या. मुलगा दुबईला गेला, दर महिन्याला दिरहम पाठवतो, ते मात्र त्या लगेच बदलून घेत नाहीत.